संगणक लॉक झालाय म्हणून दिसणाऱ्या नंबरवर फोन करू नका, माझे ६१,१९८ रुपये गेलेत

आधी आकडे सांगतो. ६,४९९ दोनदा आणि ४८,२०० एकदा, एकूण ६१,१९८ रुपये. सगळं सव्वा तासात, स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीवर बसून.

मी काही अडाणी नाही. सरकारी खात्यात अकाउंट्स सेक्शनला २६ वर्षं काढली, त्यातली निम्मी संगणकावर. लॉटरी लागली, केवायसी संपली असले मेसेज मी वाचताक्षणी काढून टाकतो. पण चवथीला तीन दिवस उरले होते, वाड्यावरच्या आरत्यांची पुस्तिका छापायची होती आणि प्रिंटर हूं की चूं करत नव्हता. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, शोधायला गेलो, सगळ्यात वर जे आलं त्यावर क्लिक केलं. ती जाहिरात होती. वरचं पहिलं नाव म्हणजे खरी कंपनी, असं धरून चालू नका.

पूर्ण स्क्रीन निळी झाली. भोंगा सुरू. मायक्रोसॉफ्टचं चिन्ह, 'तुमचा संगणक लॉक केला आहे, बंद केल्यास सर्व माहिती नष्ट होईल', आणि खाली मोठ्या अक्षरांत फोन नंबर. माउस हलेना. त्या संगणकात मुलीच्या लग्नाचे फोटो होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. मी नंबर फिरवला.

आता कळलंय की ते निव्वळ एक वेबपान होतं. व्हायरस नव्हताच. एस्केप दाबून धरायचं, नाहीतर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर मारून टाकायचा, की संपलं. परत उघडल्यावर 'आधीची पानं आणू का' विचारलं तर नाही म्हणायचं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात कधीच फोन नंबर नसतो. कधीच.

पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, अतिशय नम्र. रिमोटचं अ‍ॅप टाकायला लावलं, नऊ आकडी नंबर विचारला आणि माझा माउस त्याच्या हातात गेला. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोज स्वतःच्या लहानमोठ्या चुका नोंदवतं ती यादी, उघडून लाल खुणांची रांग दाखवली: 'सर, बघा किती व्हायरस.' त्या लाल खुणा धडधाकट संगणकातही असतात. हे मला भाच्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या लॅपटॉपवर दाखवलं, तेव्हा पोटात खड्डा पडला.

तीन वर्षांच्या सुरक्षेचे ६,४९९. यूपीआय उघडलं, त्याने दिलेला आयडी टाकला, तर वर नाव आलं एका माणसाचं. कंपनी नाही, माणूस, नाव आणि आडनाव. आमची मंडळी स्वयंपाकघरातून बाहेर आली होती, हाताला नेवऱ्यांचं पीठ. माझ्या खांद्यावरून वाकून तिने वाचलं आणि म्हणाली, "अहो, कंपनी असे माणसाच्या नावावर पैसे घेते?" मी तिला हाताने गप्प केलं. फोनवर मोठा साहेब बोलत होता ना! तो म्हणाला, 'सर, ये हमारे अकाउंट मॅनेजर हैं', आणि मी पिन टाकला. तिथेच थांबायला हवं होतं. बिलावर पार्टीचं नाव जुळलं नाही तर ते बिल परत पाठवण्यातच माझी नोकरीची वर्षं गेली, आणि घरच्या पैशाला ते शहाणपण लावलं नाही. त्या एका वाक्याने सगळे ६१,१९८ वाचले असते. ती आजवर एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हणालेली नाही, त्याचंच जास्त लागतं.

'पेमेंट फेल झालं' म्हणून दुसऱ्यांदा ६,४९९. मग 'पहिले परत करतो, नेटबँकिंग उघडा'. उघडलं, आणि स्क्रीन काळी. ओटीपी आला, मी वाचून दाखवला. मेसेजमध्ये स्वच्छ लिहिलं होतं की हा ओटीपी नवा लाभार्थी, म्हणजे पैसे पाठवायचं नवं खातं, जोडण्यासाठी आहे. मी फक्त सहा आकडे वाचले. ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा, आकड्याआधीची ओळ वाचा! दुसरा ओटीपीही तसाच दिला आणि ४८,२०० गेले. नव्या लाभार्थ्याला पहिल्या दिवशी काही बँका ५० हजारांवर जाऊ देत नाहीत, म्हणून हा आकडा.

त्यावर आणखी १५,००० मागितले. मी नाही म्हणताच त्याने विंडोजचा पासवर्ड बदलला. मी वायर उपटली.

बँकेच्या हेल्पलाइनवर ३८ मिनिटं संगीत. दुसऱ्या दिवशी शाखेत उत्तर, 'ओटीपी तुम्हीच दिलात.' मान्य, दिला. पण लाभार्थी जोडून पाच मिनिटांत जवळजवळ सगळी शिल्लक जाते, तेव्हा यांच्या यंत्रणेला काहीच वाटत नाही? लेखी तक्रारीवर शिक्का मागितला तर 'पोलिसांचा कागद आणा'. पोलीस ठाण्यात म्हणाले, बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट आणा. तिथल्या एकाने सगळ्यांसमोर विचारलं, "तुमी शिकिल्ले मनीस, फोन कित्याक केलो?" (शिकलेले तुम्ही, फोन केलातच कशाला?) चोर मी होतो की काय? मग हद्दीचा प्रश्न निघाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे मी, तक्रारदाराने, त्यांना वाचून दाखवलं. मग 'साहेब चवथीनंतर येतील'. बँकही चवथीचे दोन्ही दिवस बंद. चोराला सुट्टी नसते.

तुमच्यावर आली तर ठाण्याच्या पायऱ्या नंतर चढा. आधी लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात. मी रात्र वाया घालवली, म्हणून फक्त ११,३०० गोठले. बँकेला त्याच रात्री ईमेल करा, वेळ नोंदली जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, चूक आपली असली तरी कळवल्यानंतर जे जातं ते बँकेच्या माथी. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

संगणक भाच्याने सोडवला. नेट तोडलं, पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) चालवून आधी फोटो बाहेर काढले. सगळे मिळाले. मग डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकली. आम्ही काढलं असतं ते एकच अ‍ॅप, पण त्याच्या आड आणखी एक रिमोट अ‍ॅप बसवलेलं होतं, संगणक चालू होताच आपोआप सुरू होणारं. नुसतं दिसेल ते काढून समाधान मानू नका. पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला, त्याच संगणकावरून नाही.

परवा फोन आला. माझं नाव घेतलं, ४८,२०० हा आकडाही बरोबर सांगितला. 'सायबर विभागातून बोलतोय, तुमचा रिफंड मंजूर झालाय, २,५०० प्रोसेसिंग भरा.' म्हणजे आमची यादी पुढे विकली गेली आहे. मी फोन ठेवला आणि तो नंबर संचार साथी या सरकारी पोर्टलच्या 'चक्षू'वर, म्हणजे संशयित फोन कळवायच्या सोयीवर, टाकला.