स्टॅम्पपेपरवर लग्न रद्द होत नाही

तासगाव तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग. धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा झाला तरी लग्न जुळेना. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही, हे दुखणं इकडं घरोघरी आहे. शेवटी एका मध्यस्थाला बेदाण्याचे आलेले 1,80,000 रुपये रोख मोजले आणि गेल्या वैशाखात परजिल्ह्यातली मुलगी सून म्हणून घरात आली.

तिचं नाव आमच्या रेशनकार्डात घालायचं म्हणून जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला मागितला. महिनाभर टाळाटाळ झाली. मग जो दाखला आला, त्यावर कार्डधारक म्हणून तिच्या वडिलांचं नाव नव्हतं, नवऱ्याचं होतं. आई उंबऱ्यातच खाली बसली. मुलगी रडत म्हणाली, "दादा, माझी सोडचिठ्ठी झालीय," आणि बॅगेच्या तळातून शंभराचा स्टॅम्प काढून दाखवला. 'आम्ही दोघे स्वखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता विभक्त होत आहोत.' खाली दोन सह्या आणि नोटरीचा शिक्का. त्या कागदानं आपण मोकळ्या झालो, असं तिला खरंच वाटत होतं. तिलाही कुणीतरी फसवलंच होतं, म्हणून तिच्यावर माझा राग नाही. मध्यस्थाला मात्र सगळं आधीपासून ठाऊक होतं.

तोच पुन्हा दारात आला. "कोर्टात गेलात तर दहा वर्षं जातील. चाळीस हजार द्या, लग्न रद्द करून देतो." चारचौघांत बोभाटा नको म्हणून आम्ही दिले. त्यानं पाचशेचा स्टॅम्प आणला. मजकूर तोच, फक्त 'विभक्त होत आहोत' च्या जागी 'विवाह रद्द करत आहोत'. मुलगी माहेरी गेली, कागद आम्ही पेटीत ठेवला. ज्या कागदानं आमचं घर बुडवलं, त्याचीच दुसरी प्रत आपण विकत घेतलीय, हे तेव्हा एकाच्याही ध्यानात आलं नाही.

दिवाळीनंतर नवं स्थळ आलं. मुलीच्या मामांनी एवढंच विचारलं, "कोर्टाचा हुकूमनामा कुठाय?"

तेव्हा कुठं सांगलीत वकिलाकडं गेलो. त्यांनी दोन्ही स्टॅम्प शेजारीशेजारी ठेवले आणि समजावलं. घटस्फोट म्हणजे झालेलं कायदेशीर लग्न मोडणं. लग्न रद्द ठरवणं म्हणजे ते कायद्यानं झालंच नव्हतं, असं कोर्टानं म्हणणं. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 11 प्रमाणे पहिला जोडीदार हयात आणि ते लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न मुळातच शून्य. एखाद्या समाजात सोडचिठ्ठीची रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. "लग्न शून्य असलं तरी कोर्टाकडून तसं जाहीर करून घ्या. उद्या कुणी वाद काढला तर हा स्टॅम्प कामाचा नाही," असं ते म्हणाले.

ज्यांची फसवणूक वेगळी आहे, त्यांनी कलम 12 नीट समजून घ्या. जोडीदाराबद्दलची महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली असेल तरीही लग्न रद्द होऊ शकतं. पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यावरही राजीखुशीनं संसार केला असेल तर तो हक्क जातो. "जाऊ दे, नांदव, होईल सगळं ठीक," असं सांगणारे पाहुणे ते वर्ष भरून देत नाहीत. घटस्फोटासाठी लग्नाला वर्ष होईपर्यंत सहसा थांबावं लागतं, इथं तशी अट नाही. मूल असलं तर त्याची काळजी करू नका. लग्न रद्द झालं तरी कलम 16 प्रमाणे ते औरसच.

सांगलीतल्या विजयनगरच्या कोर्टात आमचा अर्ज दाखल झालाय. त्या मुलीलाही मी फोन करून सांगितलं की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना वकील फुकट मिळतो, पहिल्या लग्नाचा घटस्फोट रीतसर करून घे.

गेल्या आठवड्यात कळलं, तो मध्यस्थ शेजारच्या गावात एका पोराची पत्रिका मागून गेलाय. दोन्ही स्टॅम्पची झेरॉक्स घेऊन मी त्याच संध्याकाळी त्या घरी जाऊन आलो.