स्नो चेन, कापडी सॉक की प्लास्टिकचे पट्टे? हिवाळाभर वापरल्यानंतर

गोठलेल्या रस्त्यावर पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायची साखळी (स्नो चेन), टायरभोवती घालायचं कापडी आवरण (सॉक) आणि प्लास्टिकचे पट्टे, असे तिन्ही प्रकार हिवाळाभर आलटून पालटून वापरले. डिक्कीत कायमची ठेवावी अशी एकच वस्तू आहे: 9 मिमी कड्यांची, चौकोनी जाळी विणलेली स्टीलची साखळी. शिडीसारख्या साखळीत दोन आडव्या ओळींमधलं रबर थेट बर्फावर येतं. त्या क्षणी पकड सुटते, गाडी बाजूला सरकते आणि हादरे बसतात ते वेगळेच. जाळीत मात्र कुठली ना कुठली कडी रस्त्याला टेकलेलीच असते, त्यामुळे स्टीयरिंगही ऐकतं.

माप टायरच्या बाजूवर असतं, उदाहरणार्थ 205/55 आर16. तिन्ही आकडे जुळलेच पाहिजेत. पण त्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा. टायरच्या आतल्या बाजूला सस्पेन्शन आणि ब्रेकचा पाइप किती जवळ आहे, यावर सगळं ठरतं. 12 मिमीची साखळी तिथे घासू शकते. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ठरावीक मापाच्या टायरवर साखळी चालणारच नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मग कापडी सॉककडे वळावं, तेही मॅन्युअलला चालत असेल तर.

बसवताना आतली केबल चाकामागून फिरवून तिची टोकं वरच्या बाजूला जोडायची आणि ती पूर्ण मागे ढकलायची. बहुतेकांचं इथेच चुकतं. केबल एखाद्या ठिकाणी टायरच्या नक्षीवर अडकून राहिली, तर बाहेरून कितीही ओढा, साखळी ढिलीच राहते. नंतर बाहेरचे हुक लावा, ताण द्या, थोडं अंतर हळू चालवा, थांबा आणि पुन्हा ताणा. हे दुसरं ताणणं टाळलं की सुटं टोक मडगार्डवर आपटायला लागतं आणि ब्रेकचा पाइपही फाटू शकतो. पीळ पडलेली कडी तशीच ठेवू नका, ती टायरची बाजू कापते. घरी कोरड्या जागेत एकदा तरी बसवून बघा. अंधारात, बोटं बधिर झालेली असताना सूचनापत्रक वाचणं शक्य नाही. साखळीसोबत रबरी हातमोजे, डोक्याला लावायची बॅटरी आणि गुडघ्याखाली घ्यायला चटई हवीच.

कापडी सॉक बसवायला फार सोपा. वरून अर्धा चढवा, गाडी अर्धं चाक पुढे घ्या, उरलेला ओढा. थोडा वाकडा बसला तरी चालताना आपोआप मध्यावर येतो. ताज्या बर्फावर पकड छान, पण शून्य अंशाच्या आसपास पाणी सुटलेल्या काचेसारख्या बर्फावर साखळीची बरोबरी नाही. उघडं डांबर लागलं की तो भराभर झिजतो, म्हणून लगेच काढा. ओला तसाच डिक्कीत टाकला तर गोठून फळीसारखा कडक होतो. युरोपात घेत असाल तर ईएन 16662-1 हे मानक बघून घ्या.

रिमच्या फटींतून ओवायचे प्लास्टिकचे पट्टे रुतलेली गाडी चार हात बाहेर काढण्यापुरतेच. कडक बर्फावर तुटतात, ब्रेक कॅलिपरला लागू शकतात आणि बंद रिमवर बसतच नाहीत.

साखळी किंवा सॉक, इंजिन ज्यांना फिरवतं त्या चाकांवर बसवा. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर कुठल्या चाकांवर, ते मॅन्युअलच सांगेल. वेग ताशी 50 किमीच्या आत ठेवा. फक्त पुढच्या चाकांना साखळी असेल तर उतारावर मागची बाजू फिरू शकते, तेव्हा ब्रेक अगदी हलक्या पायाने. जागेवरून निघताना चाकच फिरत नसेल तर ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरायला लागलं की इंजिनचा जोर कमी करणारी यंत्रणा) तेवढ्यापुरतं बंद करा.

रस्त्यावरच्या मिठाने साखळी गंजते. परतल्यावर कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, मगच पिशवीत भरा. त्याच वेळी प्रत्येक कडी बोटांनी चाचपा: एका बाजूने झिजून पातळ झाली असेल तर ती साखळी बदला.