३५०० वॅटच्या इंडक्शनवर घरची काकवी : एका हंगामानंतर

नोव्हेंबर ते मार्च असा अख्खा ऊसहंगाम ही हॉटेलात वापरतात तसली ३५०० वॅटची इंडक्शन शेगडी आणि २५ लिटरचं जाड बुडाचं स्टीलचं पातेलं फक्त काकवीसाठी वापरलं. पाणी आटवायला जोडी झकास आहे. पाक जवळ आला की मात्र हीच ताकद नडते.

आधी हिशेब. सोलापुरात रसवंतीवरून २० लिटर रस आणला (आलं, लिंबू, बर्फ काहीही न घालता, हे दोनदा बजावून सांगावं, लिंबाच्या आंबटपणानं उकळताना साखरेचं विघटन होतं आणि रंग काळवंडतो), तर तो साधारण साडेएकवीस किलो भरतो. ब्रिक्स (वजनात शेकडा किती साखर, तो आकडा) १८ धरला तर त्यात साखर पावणेचार किलोच्या वर. काकवी ७२ ब्रिक्सला उतरवायची, म्हणजे सव्वापाच किलोच्या आसपास माल आणि तब्बल १६ लिटर पाण्याची वाफ. मळीत (रस तापताना वर येणारी घाण) थोडं जातं, ते वेगळं.

एक लिटर पाणी उकळून उडवायला ०.६३ युनिट वीज लागतेच. शेगडीची उष्णता वाया जाते ती धरून पूर्ण ताकदीवर तासाला साडेचार लिटर आटतं, एका खेपेला १४-१५ युनिट जळतात. रुंद पातेलं घेतलं की पटकन आटतं असं सगळे सांगतात. खळखळ उकळी असताना वेग ठरतो तो वॅटवर. रुंदीचा फायदा फेसाला जागा मिळते एवढाच, आणि शेगडीच्या आतल्या कॉइलपेक्षा फारच रुंद बूड असेल तर कडेचा रस नुसता कोमट राहतो. झाकण अजिबात नको, वाफ थेंब होऊन परत आत पडते.

१६ लिटर वाफ बंद स्वयंपाकघरात सोडली तर भिंतींना पाणी सुटतं. शेगडी अंगणात किंवा गच्चीत, आडोशाला ठेवावी. शेगडीचा पंखा खालून हवा ओढतो; वाफ आणि उतू गेलेला रस तिथं शिरला की आत चिकटा बसतो. चार इंच उंच लोखंडी स्टँडवर ठेवल्यापासून हा त्रास थांबला. वायरिंगही तपासून घ्या: १५ अँपियरच्या वर ओढते, तेव्हा २० अँपियरचा एमसीबी आणि स्वतंत्र लाइन हवी. एक्स्टेंशन बोर्ड वितळतो.

एकदम २० लिटर ओतू नये. १५ लिटरनं सुरुवात करावी, उरलेला रस गॅसवर तापवून थोडा थोडा सोडावा. गार ओतला की उकळी मोडते. मळी ८५ अंशांच्या आसपास वर येते, तेव्हाच झाऱ्यानं काढावी, भेंडीच्या चिकाचं पाणी घालून. उकळी फुटल्यावर ती पुन्हा रसात मिसळते आणि काकवी गढूळ होते. फेस वर चढला तर शेंगदाणा तेलाचे चार थेंब पुरतात, गुऱ्हाळातही हेच करतात.

पातळी मोजायला लाकडी पट्टीवर पाण्यानं लिटरच्या खुणा करून ठेवल्या. उकळता रस थंडापेक्षा सुमारे चार टक्के फुगलेला असतो, तेवढं वजा धरायचं. पट्टी ७ लिटरवर आली की ब्रिक्स ४५ च्या आसपास असतो. इथून शेगडी १५०० वॅटवर. कारण ६५ वरून ७२ ब्रिक्सला जायला जेमतेम ६०० मिली पाणी उडायचं असतं. पूर्ण ताकदीवर ते आठ मिनिटांत उडतं, आणि आणखी पाच-सहा मिनिटांत पाक ७८ वर जाऊन बरणीत साखरेचे खडे धरतो. शिवाय माल कमी आणि घट्ट असला की बुडाशी करपतो. कमी वॅटवर १८-२० मिनिटं मिळतात, ढवळायला आणि तपासायला पुरेशी. सगळा मिळून वेळ पाच तास.

उतरवण्याचं तापमान पुस्तकी १०५-१०६ अंश सांगतात, ते समुद्रसपाटीचं. सोलापूर साडेचारशे मीटर उंच, इथं पाणीच साडेअठ्ठ्याण्णवला उकळतं. आपल्या थर्मामीटरनं साधं पाणी उकळून आकडा घ्यावा आणि त्यात साडेपाच मिळवावेत. इथं १०४ येतो. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबावरून ब्रिक्स दाखवणारं उपकरण) ५८ ते ९० ब्रिक्सचा घ्यावा. गरम थेंब काचेवरच आटतो आणि आकडा जास्त दाखवतो, म्हणून नमुना झाकून गार करूनच ठेवावा.

उतरवताना किलोमागे ०.४ ग्रॅम सायट्रिक आम्ल घातलं की खडे होत नाहीत. ७२ च्या पुढं गेलेली काकवी उकळतं पाणी घालून परत आणता येते. ६५ च्या खाली राहिलेली मात्र आंबते, ती पुन्हा आटवावीच लागते.

तक्रार एकच, पण मोठी: पातळ बुडाचं पातेलं या शेगडीवर तिसऱ्या खेपेला फुगलं आणि मधोमध करपू लागलं. तीन थरांचं सपाट बूड असेल तरच ही शेगडी घ्यावी.