लॅब आणि सराव एकाच वेळेला आले तर?

मराठी घरात दहावीचं वर्ष लागलं की बॅट माळ्यावर जाते. अमेरिकेत वाढणाऱ्या मुलांचं उलटं असतं. हायस्कूलची अकरावी आली की कोचचे फोन सुरू होतात, आणि फुटबॉल, म्हणजे हेल्मेट घालून खेळतात तो, थेट कॉलेज प्रवेशाशी जोडला जातो. मार्कही चांगले आणि खेळही चांगला असा मुलगा घरात असेल, तर समोर साधारण तीन रस्ते येतात. एक, हार्वर्ड-येल-प्रिन्स्टनची आयव्ही लीग. दोन, स्टॅनफर्ड, नोटर डेम, व्हँडरबिल्ट यांच्यासारखी, अभ्यासाला कडक पण सर्वांत वरच्या पातळीवर खेळणारी विद्यापीठं. तीन, फुटबॉलवर ज्यांचं नाव चालतं अशी मोठी सरकारी विद्यापीठं.

निवडताना बहुतेक आईबाप रँकिंग बघतात आणि मुलगा स्टेडियम बघतो. माझ्या मते बघायची गोष्ट वेगळीच आहे: लॅब आणि सराव एकाच वेळेला आले, तर कोण माघार घेतं?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. नॉर्थवेस्टर्न हे अभ्यासासाठी नावाजलेलं विद्यापीठ. तिथला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाचा खेळ चालवणारा) केन कोल्टर याला डॉक्टर व्हायचं होतं. २०१४ मध्ये खेळाडूंना युनियन करता यावी म्हणून कामगार मंडळासमोर त्यानं साक्ष दिली, की केमिस्ट्रीचा वर्ग सरावाच्या वेळेवर येत होता, त्यामुळे तो मागे पडला आणि शेवटी त्यानं मानसशास्त्र घेतलं. कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेचा नियम कागदावर आठवड्याला २० तासांचा आहे. मंडळाच्या प्रादेशिक संचालकांना मात्र हंगामात खेळाडू ४० ते ५० तास फुटबॉलला देतात असं आढळलं. पुढे २०१५ मध्ये मुख्य मंडळानं या प्रकरणात आपला अधिकार वापरायला नकार दिला आणि खेळाडूंची युनियन काही झाली नाही. पण ते तास खोडून निघाले नाहीत. आणि एनसीएएच्याच आकड्यांप्रमाणे कॉलेजमध्ये फुटबॉल खेळणाऱ्यांपैकी जेमतेम १.६ टक्के मुलं व्यावसायिक खेळापर्यंत पोहोचतात. उरलेल्यांच्या हातात पदवीच राहते, म्हणून ती कशी मिळते हे बघायलाच हवं.

आयव्ही लीगनं या प्रश्नाचं उत्तर नियमांतच लिहून ठेवलं आहे. खेळासाठी स्कॉलरशिप नाही. सामने १०. संघात घेतलेल्या मुलांचे मार्क आणि परीक्षांचे गुण मिळून एक ‘अकॅडेमिक इंडेक्स’ काढतात, आणि संघाची सरासरी बाकीच्या विद्यार्थ्यांपासून फार खाली घसरू देत नाहीत. कित्येक दशकं लीगनं फुटबॉलच्या राष्ट्रीय बादफेरीतही भाग घेतला नव्हता. ती बंदी २०२५ च्या हंगामापासून उठली. ज्या आईला डोक्याला मार लागण्याची धास्ती आहे, तिच्यासाठी आणखी एक: डार्टमथचे कोच बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्ये सरावातलं अंगावर जाऊन पाडणं बंद केलं आणि मुलांना पुतळ्यांवर टॅकलिंग शिकवलं. २०१६ मध्ये लीगच्या सगळ्या कोचांनी हंगामातल्या सरावासाठी हीच भूमिका घेतली. मला हा निर्णय कुठल्याही चषकापेक्षा मोठा वाटतो.

अडचण पैशांची. मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावर. हार्वर्डमध्ये २०२५ पासून वर्षाला २ लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्या घरातल्या मुलाला शिकवणीची फी नाही, १ लाखापर्यंत राहण्या-जेवण्याचाही खर्च नाही. पण नवरा-बायको दोघंही आयटीत असलेली आपली बरीच घरं या रेषेच्या वर जातात, आणि मग वर्षाला ८० हजार डॉलरच्या वरचं बिल बऱ्याच अंशी स्वतःच भरावं लागतं. याची दुसरी बाजू जाहिरातीत दिसत नाही. ही मदत खेळाशी बांधलेली नसते. गुडघा गेला, किंवा दुसऱ्या वर्षी मुलगा म्हणाला की आता पुरे, तरी तो विद्यार्थी म्हणून तिथेच राहतो. आणि दार पूर्ण बंदही होत नाही: हार्वर्डमध्ये अर्थशास्त्र शिकलेला रायन फिट्झपॅट्रिक २००५ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत सातव्या फेरीत निवडला गेला आणि तिथे १७ हंगाम टिकला.

स्टॅनफर्डची गोष्ट जास्त मोहात पाडते. २००६ मध्ये संघ १ जिंकून ११ हरला होता. जिम हार्बॉ कोच म्हणून आले आणि २०१० मध्ये १२ विजय, १ पराभव. प्रवेशाची चाळणी तीच राहिली. त्यांचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक तर २०११ मध्ये एनएफएलच्या निवडीत पहिल्याच क्रमांकावर जाईल असं सगळे म्हणत असताना आर्किटेक्चरल डिझाइनची पदवी पुरी करायला थांबला, आणि २०१२ मध्ये पहिल्याच क्रमांकावर गेला. दोन्ही साधतं याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. पण २०२१ पासून खेळाडू सहज संघ बदलू लागले आणि जाहिरातींतून कमावू लागले. कडक प्रवेशामुळे स्टॅनफर्डला बाहेरून तयार खेळाडू भराभर घेता येईनात, आणि २०२१ ते २०२४ सलग चार वर्षं संघ ३ जिंकून ९ हरला. त्यात २०२४ पासून लीग अटलांटिक किनाऱ्यावरची. कॅलिफोर्नियातून तिकडे जाऊन-येऊन सोमवारी सकाळी वर्गात बसणं सोपं नाही.

नोटर डेमनं हा मेळ जास्त टिकवला आहे. जानेवारी २०२५ मध्ये ते अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि ओहायो स्टेटकडून ३४-२३ हरले. तिथेही गैरप्रकार झाला होता. २०१४ मध्ये खेळाडूंच्या गृहपाठात दुसऱ्याचा हात असल्याचं उघड झालं, विद्यापीठानं मुलांना स्वतःच बाहेर बसवलं, आणि पुढे एनसीएएनं २१ विजय रद्द केले. हे प्रकरण त्यांच्या विरोधात मोजायचं की बाजूनं? मी बाजूनं मोजतो, कारण तिथे कुणीतरी तपासत होतं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९९३ ते २०११ असे ‘कागदी वर्ग’ चालले, ज्यात शिकवणं नव्हतंच, एक निबंध दिला की ग्रेड मिळायची. ३,१०० च्या आसपास विद्यार्थी, त्यांतले जवळपास निम्मे खेळाडू. २०१७ मध्ये एनसीएएनं विद्यापीठाला त्याबद्दल शिक्षा दिली नाही, कारण ते वर्ग सगळ्यांनाच खुले होते. म्हणून माहितीपत्रकातल्या पदवीधरांच्या टक्केवारीवर विसंबू नका.

तिसऱ्या रस्त्यावर पैसा खरा आहे. जून २०२५ मध्ये कोर्टात मंजूर झालेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येकी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, आणि त्यातला मोठा वाटा बहुतेक ठिकाणी फुटबॉलचा. अभ्यास मात्र मुलाच्या स्वतःच्या रेट्यावर. फ्लोरिडा स्टेटच्या मायरन रोलनं प्री-मेड अडीच वर्षांत संपवलं, २००८ मध्ये सामन्याच्याच दिवशी ऑक्सफर्डला शिकायला नेणाऱ्या ऱ्होड्स स्कॉलरशिपची मुलाखत दिली आणि मग विमानानं सामना गाठला. आज तो न्यूरोसर्जन आहे. त्याच विद्यापीठात, त्याच सुमारास, एका ऑनलाइन परीक्षेच्या कॉपीत ६१ खेळाडू सापडले. मुलगा रोलसारखा आहे का, हे आईबापांना बहुधा माहीत असतं.

माझा कौल असा. मेडिकल किंवा इंजिनीअरिंग पक्कं असेल आणि फी झेपत असेल, तर आयव्ही. फी झेपत नसेल आणि नोटर डेमची किंवा स्टॅनफर्डची पूर्ण स्कॉलरशिप हातात असेल, तर ती घ्यावी. तिसरा रस्ता फक्त त्या मुलासाठी, ज्याला अभ्यासाला बसा असं घरात कधी सांगावं लागलेलं नाही.

कॅम्पस बघायला जाल तेव्हा कोच स्टेडियम दाखवेल, जिम दाखवेल, जेवायला नेईल. तेव्हा एकच विचारा: “सध्याच्या संघात ऑरगॅनिक केमिस्ट्रीची लॅब करणारी मुलं किती, आणि ती सरावाला किती वाजता येतात?” मग त्यांतल्याच एखाद्या मुलाशी, कोच जवळ नसताना, दहा मिनिटं बोलायला मागा.