दोन पट्ट्यांमधला सूर : इराणी संगीताच्या काही ध्वनिमुद्रिका

इराणी गायक मोहम्मद रझा शजरियान यांची ‘बीदाद’ ही ध्वनिमुद्रिका पहिल्यांदा लावली तेव्हा मी तीत सम शोधत होतो. समूहवादन संपून गायन सुरू झाले, एक ओळ झाली, दुसरी झाली, वाद्याने त्या ओळींना उत्तर दिले, तरी ठेका काही येईना. आमच्याकडे छत्रपती संभाजीनगरात भजन, कव्वाली आणि ख्याल यांवर वाढलेल्या कानाला ही वाट पाहण्याची सवय जन्मजात असते, आणि इराणी संगीत ऐकू लागणाऱ्या मराठी माणसाची पहिली चूक हीच होते. त्या संगीतात ज्या भागाला ‘आवाज’ म्हणतात, तिथे ठेका नसतो आणि तानपुऱ्याचा अखंड षड्जही नसतो. कवितेचे वृत्तच लय चालवते. गायक ओळीचा एक तुकडा म्हणून थांबतो आणि संतूर, तार (हे छेडून वाजवायच्या एका वाद्याचे नाव) किंवा गजाने वाजवायचे कमांचे त्याच वाक्याचा जबाब देते. चौथ्या-पाचव्या वेळी मी सम शोधणे सोडून दिले, तेव्हा कुठे हे गाणे मला ऐकू येऊ लागले.

गेल्या हिवाळ्यापासून मी अशा सहा ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकत आलो आहे. त्यांतली सर्वांत जुनी १९८३ सालची आहे आणि सर्वांत नवी २०१९ सालची. कोणती आधी घ्यावी, कोणती मागून घ्यावी आणि कोणत्या मुद्रिकेत नेमके काय ऐकावे, एवढ्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

‘बीदाद’ १९८५ साली, इराण-इराक युद्ध ऐन भरात असताना आली. गायक शजरियान, संगीतरचना परवीझ मेश्कातियान यांची, आणि साथीला आरेफ वाद्यवृंद. तिचे नाव समजून घ्यायला मराठी माणसाला शब्दकोश लागत नाही. आपण अजूनही कोर्टात दाद मागतो आणि ‘दादफिर्याद’ हा जोडशब्द वापरतो. जिथे दाद मिळत नाही ते बीदाद, म्हणजे अन्याय. पण हुमायून या दस्तगाहातल्या, म्हणजे इराणी संगीतातल्या एका स्वरव्यवस्थेतल्या, एका जागेचेही नाव बीदादच आहे, त्यामुळे शीर्षक संगीताचे आहे की काळाचे, हे कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. गायनासाठी निवडलेली हाफिझची गझल विचारते की कोणातच मैत्री दिसत नाही, मित्रांना झाले तरी काय. चौदाव्या शतकातली ती ओळ त्या वर्षी तेहरानमध्ये कशी ऐकली गेली असेल, याची कल्पना शजरियान यांच्या स्वरातूनच येते.

दस्तगाह म्हणजे आपला राग नव्हे, हे इथेच सांगितले पाहिजे. दस्तगाह सात आहेत आणि त्यांच्या पोटात पाच उप-पद्धती येतात. प्रत्येकात ठरलेल्या छोट्या स्वरवाक्यांची माळ असते, त्या एकेका मण्याला गुशे म्हणतात आणि सगळी मिळून जी परंपरा शिष्याला पाठ करावी लागते तिला रदीफ म्हणतात. तारवादक मिर्झा अब्दुल्ला यांच्या घराण्यातून आलेली रदीफ आजही सर्वाधिक शिकवली जाते आणि २००९ साली युनेस्कोने रदीफेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. गुशे या शब्दाचा मूळ अर्थ कोपरा. आपल्या जुन्या मराठीतला ‘गोषा’ तोच. तार किंवा सेतार या छेडून वाजवायच्या वाद्यांवर जे बांधलेले असतात त्यांना फारसीतही पडदेच म्हणतात, आणि सेतार व आपली सतार यांच्या नावातले नाते तर उघडच आहे. मराठवाड्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सरकारी कागद फारसीत लिहिले जात होते, त्यामुळे हे शब्द आपल्याकडे पाहुणे म्हणून आलेले नाहीत, घरचेच होऊन बसले आहेत. खुलदाबादेत अमीर खुसरोंचे मित्र आणि फारसीतले मोठे गझलकार अमीर हसन सिजझी यांची कबर आहे. तिथे जाणाऱ्यांपैकी किती जणांना ते ठाऊक असते, हा प्रश्न मला दर वेळी छळतो.

गायक माळेतले एकेक गुशे घेत वर चढत जातो आणि शेवटी मूळ स्थानी उतरतो. त्या उतरण्याला फुरूद म्हणतात. समेवर येण्याचे जे समाधान आपल्याला तालातून मिळते, ते इथे फुरूदमधून मिळते. ‘बीदाद’मध्ये शजरियान वरच्या भागात बराच काळ थांबतात. गळ्यातून भराभर फुटणारी, खरा आणि खोटा आवाज यांच्यात लपंडाव खेळणारी जी कंपने ते घेतात, त्यांना तहरीर म्हणतात आणि इराणी माणसे तिची तुलना बुलबुलाशी करतात. आपल्या कानाला ती आधी तान वाटते. पण तान आपल्या बळाने धावत असते आणि तहरीर बहुधा शब्दाच्या शेवटी, शब्द संपल्यावर उरलेल्या दुःखासारखी येते. या ध्वनिमुद्रिकेतल्या त्या जागा मला आजही शांतपणे ऐकता येत नाहीत.

आता त्या सुराविषयी, ज्याच्यासाठी मी हे सगळे लिहायला बसलो. हुमायूनची स्वरपंक्ती आपल्याला बसंत मुखारीच्या अंगणात आणून सोडते, पण उंबऱ्यावर पाय अडखळतो, कारण तिथला रिषभ ना कोमल आहे ना शुद्ध. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात चाळीस वर्षे पेटी वाजवणारे एक काका आहेत. त्यांना ही मुद्रिका ऐकवायला नेली तेव्हा त्यांनी पेटी पुढे ओढली, गायकाचा षड्ज काळी दोनच्या आसपास हुडकला, आणि मग रिषभासाठी आधी पांढरी तीन दाबली, नंतर पांढरी चार दाबली, पुन्हा पांढरी तीन. मग भात्यावरचा हात काढून घेतला आणि म्हणाले, “हा सूर माझ्या पेटीत नाही रे. पण माझी आई जात्यावर गायची ना, तिच्या ओवीत होता.”

इराणी संगीतशास्त्रात या अर्ध्या उतरवलेल्या सुराला कोरोन म्हणतात आणि त्याचे आजचे लेखनचिन्ह संगीतकार अलीनकी वझीरी यांनी विसाव्या शतकात रूढ केले. बावीस श्रुतींची मांडणी करणारा ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने देवगिरीला, म्हणजे आमच्या शहरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, यादवांच्या आश्रयाने लिहिला. श्रुती आणि कोरोन एकच आहेत असे मी म्हणत नाही. पण दोन पट्ट्यांच्या मधली जागा ही रिकामी जागा नसून तिथे सूर राहतो, ही समज या मातीतही होती, आणि पेटीने ती आपल्याकडून बरीचशी काढून घेतली आहे असे मला वाटते.

हुसेन अलिझादे यांची ‘नेयनवा’ (१९८३) बासरीच्या कुळातले ने हे वाद्य आणि पाश्चात्त्य पद्धतीचा तंतुवाद्यवृंद एकत्र आणते. ती सुंदर आहे, गंभीर आहे, आणि नव्या श्रोत्याला लगेच आवडते. म्हणूनच ती आधी घेऊ नये. व्हायोलिनांच्या गादीवर बसलेली ने ऐकण्याची सवय लागली की एकटी ने कोरडी वाटू लागते, आणि खरे ऐकण्यासारखे तर तिचे श्वासाने भरलेले कोरडेपणच आहे.

कमांचेवादक कायहान कल्होर आणि सतारवादक शुजात हुसेन खाँ यांच्या ‘गझल’ या जोडीची ‘द रेन’ (२००३) ही स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात झालेल्या मैफलीची ध्वनिमुद्रिका आहे, तबल्यावर संदीप दास आहेत. मराठी रसिकाला इराणी संगीताकडे न्यायचे असले की बहुतेक जण हीच हातात देतात. तिच्यात फार प्रेमळ वादन आहे. कमांचे हे मांडीवर उभे धरून वाजवायचे वाद्य. तार बदलताना वादक गज वळवत नाही, वाद्यालाच त्याच्या तळाच्या खुंटीवर वळवतो आणि गजाचे केस बोटांनी ताणतो, म्हणून त्याचा सूर बोलणाऱ्या माणसाच्या घशासारखा घट्ट-सैल होत राहतो. कल्होर यांच्या हातात ते रडते आणि गप्पही बसते. तरीही माझे मत असे आहे की दोघांची भेट झाली ती दोघांनाही सोयीच्या जमिनीवर झाली, आणि त्या जमिनीवर मधला सूर मागे सरकतो. आपल्याला जे आधीच आवडते तेच ती पुन्हा देते. ‘बीदाद’ पचल्यानंतर ती ऐकली, तर कल्होर कुठे कुठे स्वतःच्या घराकडे वळून पाहतात ते कळते, आणि मग तिची गोडी दुप्पट होते.

ज्या वर्षी ‘बीदाद’ आली त्याच १९८५ साली अमेरिकेत फोकवेज कंपनीने दारियूश दोलतशाही यांची एक मुद्रिका काढली. तार आणि सेतार ही दोन पारंपरिक वाद्ये आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया-प्रिन्स्टन या इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्रात घडवलेले ध्वनी, एवढीच तिची सामग्री. प्रायोगिक संगीत म्हटले की आपण कान आवळून बसतो; इथे तशी गरज पडत नाही. तारेचे दोन पोटांचे तुतीच्या लाकडाचे अंग, त्यावर ताणलेले कोकराचे पातळ कातडे, आणि त्यातून येणारा किंचित नाकातला, टणटणीत आवाज. त्याच्या भोवती यंत्रातले ध्वनी रात्रीच्या शेतातल्या किड्यांसारखे जागे होतात. जायकवाडीच्या काठावर पावसाळ्याच्या सुरुवातीला रात्र काढलेल्या माणसाला हे ध्वनी परके वाटणार नाहीत. मला या सहांमधली सर्वांत मोठी भेट हीच वाटली. सिंथेसायझरला पट्ट्या असल्याच पाहिजेत असे नाही. तो कुठल्याही दोन सुरांच्या मध्ये उभा राहू शकतो. पेटीला जे जमत नाही ते यंत्राला जमते, आणि म्हणून इराणी संगीतकारांसाठी इलेक्ट्रॉनिक संगीत हे परंपरेतून पळून जाण्याचे दार नसून तिच्या एका जुन्या खोलीत शिरण्याचे दार ठरले, असे मला ही मुद्रिका ऐकून ठामपणे वाटू लागले.

अता एब्तेकार, जे सोते या नावाने काम करतात, त्यांची ‘सेक्रेड हॉरर इन डिझाइन’ (२०१७) या दारातून फार पुढे जाते. संतूर आणि सेतार प्रत्यक्ष वाजतात आणि त्यांच्या सुरांचे तुकडे विजेच्या लोळासारखे फुटत राहतात. इराणी संतूर आपल्या ओळखीच्या काश्मिरी संतूरपेक्षा लहान, अठरा घोड्यांवर, म्हणजे तारा टेकवायच्या आधारांवर, ७२ तारांचे. त्याच्या हलक्या मिझराबांचा, म्हणजे वाजवायच्या लाकडी काड्यांचा, आघात इथे इतका मोठा करून ठेवला आहे की एकेक ठोका खोलीच्या भिंतीवर आपटतो. काकांनी दुसऱ्या मिनिटाला हात जोडले, आणि मी आग्रह केला नाही. मी स्वतः ती दिवसातून एकदाच ऐकू शकतो, पण ज्या दिवशी ऐकतो त्या दिवशी दुसरे काही ऐकावेसे वाटत नाही.

साबा अलिझादे हे हुसेन अलिझादे यांचे चिरंजीव आणि कमांचेवादक. त्यांच्या ‘स्कॅटर्ड मेमरीज’मध्ये (२०१९) कमांचेचे लांब सूर इलेक्ट्रॉनिक ध्वनींच्या धुक्यातून वर येतात आणि परत त्यात बुडतात. सोते यांच्या मुद्रिकेने थकलेल्या श्रोत्याने इथे यावे. वडिलांच्या ‘नेयनवा’मध्ये एकटा सूर व्हायोलिनांवर टेकला होता, मुलाने त्या व्हायोलिनांच्या जागी गुणगुण आणि खरखर ठेवली आहे, आणि सुराला पुन्हा कोरडे उभे केले आहे.

विकत घेण्याविषयी दोन शब्द लिहितो. मी दरमहा पैसे भरून ज्या ॲपवर गाणी ऐकतो, तिथे यांतल्या काही मुद्रिका सापडतात, पण तिथे त्या ऐकू नयेत असा माझा कळकळीचा सल्ला आहे. सलग वाजवलेले ‘आवाज’चे भाग तिथे तुकड्यांमध्ये कापलेले असतात, दोन तुकड्यांच्या मध्ये क्षणभर शांतता पडते, आणि गायक नेमका श्वास धरून उभा असताना ती पडली की पुढचा जबाब अनाथ होतो. शिवाय एकाच वाद्याचे आणि एकाच गायकाचे नाव रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिलेले असल्याने शोध घेताना निम्मे साहित्य नजरेआड राहते. फोकवेजचा संग्रह आता स्मिथसोनियन या संस्थेकडे आहे आणि तिने जुनी एकही मुद्रिका बंद होऊ दिलेली नाही, ही मोठी सोय आहे. ‘बीदाद’ विकत घेताना मात्र गझलेचा अर्थ वेगळा मिळवून जवळ ठेवावा. शब्द न कळता ती ऐकणे म्हणजे अभंग नुसत्या चालीवर ऐकण्यासारखे आहे.

ज्यांना एक पैसाही खर्च न करता सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी ‘गोल्हा’चा संग्रह आहे. १९५६ ते १९७९ या काळात इराणच्या आकाशवाणीवर दाऊद पीरनिया यांनी सुरू केलेली ही कार्यक्रममाला आता इंटरनेटवर ऐकता येते, आणि गायक, कवी, वाद्य किंवा दस्तगाह यांपैकी कशानेही तिच्यात शोध घेता येतो. १९७९च्या क्रांतीनंतर इराणमध्ये स्त्रियांना पुरुष श्रोत्यांसमोर एकटीने गाण्याची मुभा राहिली नाही. मर्झिये आणि दिलकश या गायिकांचे आवाज या संग्रहात जपलेले आहेत, आणि केवळ तेवढ्यासाठीही तो उघडावा. ध्वनीचा दर्जा त्या काळच्या फितींचा आहे, मागे सतत सळसळ ऐकू येते, पण दहा मिनिटांनी कान तिच्याकडे लक्ष देत नाही.

माझी ‘बीदाद’ची तबकडी गेल्या महिन्यापासून काकांकडेच आहे. परवा भेटले तेव्हा त्यांनी ती परत दिली नाही. त्याऐवजी, असा मधला रिषभ आणखी कोणत्या दस्तगाहात लागतो, असे विचारले. मी शूर सांगितला, आणि ‘गोल्हा’मधले शूरचे तीन कार्यक्रम त्यांच्यासाठी पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवले आहेत.