स्टेज ५ इंजिनचा बॅकहो, १४०० तास चालवल्यावर

नवीन बॅकहो (पुढं लोडर, मागं खोदायची बकेट, लोक जेसीबी म्हणतात ते मशीन) घेऊन वर्ष होत आलं, मीटर १४०० तासांच्या पुढं गेलंय आणि खानापूर, नंदगड, निपाणीकडची ओळखीची निम्मी माणसं फोन करून एकच विचारतात की नव्या इंजिनची लई कटकट आहे का हो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. कंपनीचं नाव घालत नाही, कारण १ जानेवारी २०२५ पासून बनणाऱ्या मशीनना स्टेज ५ चा, म्हणजे इंजिनच्या धुरातली घाण कमी ठेवायचा सरकारी नियम सगळ्यांनाच सारखा आहे.

आधी चांगलं सांगतो. माझं जुनं मशीन २०१४ चं, स्टेज ३ च्या जुन्या नियमाचं. सकाळी स्टार्टर मारला की काळा लोट, आणि चिऱ्याच्या खाणीत खाली उतरून काम असलं की तो धूर खड्ड्यातच कोंडून राहायचा, संध्याकाळी ऑपरेटरचा रुमाल बघवत नव्हता. नव्या मशीनच्या सायलेन्सरच्या तोंडात १००० तासांच्या सर्व्हिसला मी स्वतः बोट फिरवलं, लाल धूळ लागली, काजळी नाही. या ताकदीच्या इंजिनला स्टेज ३ मध्ये एका किलोवॅट-तासाला ०.४ ग्रॅम काजळी चालायची, आता फक्त ०.०१५, शिवाय कण किती सुटतात तेही मोजतात. मला विचाराल तर एवढ्यासाठीच मशीन घ्यावं, आठ-आठ तास त्या धुरात बसणारा माणूस आपलाच असतो.

हे जमवलंय कसं ते समजून घ्या म्हणजे पुढचं कळेल. गुऱ्हाळात चुलवाणाचा जाळ चांगला पेटला की धूर कमी होतो, इंजिनातही तसंच, पण तिथं जाळ फार तापला की हवेतल्या नायट्रोजनचा नॉक्स हा विषारी वायू होतो, आणि तो कमी करायला जळलेला गॅस थोडा परत आत सोडून (तेच ईजीआर) जाळ थंड केला की काजळी वाढते, म्हणजे एक दाबलं की दुसरं वर येतं. म्हणून कॉमन रेलनं डिझेल प्रचंड प्रेशरनं अगदी बारीक फवारायचं, आणि उरलेली काजळी सायलेन्सरच्या जागी बसवलेल्या डीपीएफ फिल्टरमध्ये अडवायची. माझं मशीन ५५ किलोवॅटचं, म्हणजे ७४ एचपी, हा आकडा उगाच नाही, ५६ किलोवॅट किंवा त्याच्या वर गेलं की नॉक्स ०.४ ग्रॅमवर आणावा लागतो आणि मग एससीआर (धुरात युरिया मारून नॉक्स तोडायची यंत्रणा), युरियाची टाकी सगळं आलंच, खाली मात्र नॉक्स आणि एचसी (न जळलेलं इंधन) मिळून ४.७ ग्रॅम चालतं. त्यामुळं आम्हाला डीईएफ (तेच युरियाचं पाणी) भरायची भानगड नाही, मोठ्या पोकलेनवाल्यांना आहे.

आता कटकट. डीपीएफ भरला की मशीन तो आतल्या आत जाळून साफ करतं, रिजनरेशन म्हणतात, तेव्हा फिल्टर ६०० डिग्रीच्या आसपास तापतो. फेब्रुवारीत निपाणीकडं तोडणी झालेल्या उसात पाइपलाइनची चर मारत होतो, खाली सगळीकडं वाळलेलं पाचट, डॅशबोर्डवर रिजनची लाइट लागली तशी आमच्या पोरानं आगीच्या भीतीनं रिजन बंद ठेवायचं बटण दाबलं, आणि बरोबरच केलं त्यानं. चूक पुढची झाली, तो ते बटण परत काढायचंच विसरला, तीन दिवस लाइट लागतेय आणि कोणी बघत नाही. चौथ्या दिवशी इंजिननं ताकदच सोडली, बकेट भरून उचलेना. शोरूमच्या माणसाला लॅपटॉप घेऊन यायला दोन दिवस लागले, शेतकरी ओरडतोय, भाडं बुडालं, आणि त्यानं येऊन केलं काय तर मशीन मोकळ्या जागेत उभं करून पाऊण तास रिजन चालवलं, बस्स. डिलिव्हरीच्या दिवशी हे नीट सांगितलं असतं तर ही वेळच आली नसती, तिथं पेढे आणि फोटोतच अर्धा तास गेला होता. याचा मला अजून राग आहे.

जुनी सवय अशी की चहाला जाताना मशीन चालूच ठेवायचं. इथं ते अजिबात नको, रिकामं चालत राहिलं की धूर तापतच नाही आणि फिल्टर लवकर भरतो. काम असेल तर दाबून काम घ्या, नसेल तर बंद करा. इंजिन ऑइलही कमी राखेचंच घाला, सीके-४ लिहिलेलं, कारण काजळी जळते पण ऑइलची राख फिल्टरमध्ये तशीच बसते.

खानापूरकडच्या लाल धुळीनं रेडिएटर लवकर चोंदतो, आणि ईजीआरची उष्णताही त्याच पाण्यात येत असल्यानं आता ते लगेच जाणवतं, आम्ही रोज संध्याकाळी आतून बाहेर हवा मारतो. डिझेल उघड्या कॅनमधून ओतू नका, पाणी गेलं तर इंजेक्टरचा खर्च ऐकून झोप उडेल. ऑटोनगरच्या गॅरेजमधले आमचे जुने मेस्त्री पाना घेऊन येतात आणि बॉनेट उघडून गप्पच बसतात, त्याचं मात्र वाईट वाटतं.

पाचपैकी चार देतो. एक कापला तो डॅशबोर्डसाठी, सगळं इंग्रजीत आणि चित्रांत, आमचा एक ऑपरेटर मराठी वाचतो, दुसरा गोकाकचा, तो कन्नड. शेवटी मीच त्या बटणाखाली पांढरी चिकटपट्टी लावून दोन्ही भाषांत लिहिलं, ‘पाचटातून बाहेर आल्यावर हे काढ.’ त्यानंतर एकदाही मशीन थांबलेलं नाही.