मिडी-सीव्ही परिवर्तकाचा सुटा संच: जोडणी सोपी, सूर लावणे अवघड

अॅनालॉग सिंथेसायझरला मिडीची, म्हणजे वाद्ये आणि संगणक एकमेकांना नोटा कळवण्यासाठी वापरतात ती अंकीय भाषा कळत नाही. त्याला फक्त व्होल्टेज (कंट्रोल व्होल्टेज, म्हणजे सीव्ही) कळते. एका तारेतून आलेल्या व्होल्टेजवरून तो कोणता सूर काढायचा हे ठरवतो आणि दुसऱ्या तारेवरचे गेट, म्हणजे कळ दाबल्याची खूण देणारे व्होल्टेज, चढले की आवाज सुरू करतो. मिडी १९८३ साली आले आणि हळूहळू बहुतेक वाद्यांत स्थिरावले, पण त्याआधीचे सिंथ आणि आजचे मॉड्युलर संच संगणकाशी किंवा साध्या कीबोर्डशी जोडायचे, तर मध्ये परिवर्तक लागतोच. असा एक सुटा संच मी घेतला, स्वतः सोल्डर केला आणि गेले दोन महिने रोज वापरला. निर्मात्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हीच मांडणी अनेक संचांत आढळते आणि पुढे सांगितलेल्या खोडीही त्यांतल्या बऱ्याच जणांना लागू पडतील.

संचाची निवड पहिल्यापासून समजूतदार वाटली. मेंदू म्हणून १६ मेगाहर्ट्झवर चालणारा एटीमेगा ३२८पी हा नियंत्रक (मायक्रोकंट्रोलर) आहे. या वेगाला मिडीच्या ३१,२५० बॉडच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या बिटांच्या, दराने नेमके भागता येते, त्यामुळे वेळेची चूक राहत नाही. व्होल्टेज तयार करण्याचे काम एमसीपी ४८२२ या बारा बिटांच्या दोन वाहिन्यांच्या डॅककडे (अंकांचे व्होल्टेज करणाऱ्या आयसीकडे) आहे. त्याचे संदर्भ व्होल्टेज आयसीच्या आतच असल्यामुळे पाच व्होल्टच्या पुरवठ्यातली खरखर सुरात उतरत नाही. स्वस्त संचांत याच जागी पीडब्ल्यूएम (झटपट चालू-बंद होणारा सिग्नल) आणि तो सपाट करणारा फिल्टर लावून वेळ मारून नेतात. तिथे फिल्टर जड ठेवला तर सूर घसरत घसरत पोहोचतो आणि हलका ठेवला तर सुराला कंप येतो. इथे ती कटकट नाही. डॅकमधून निघणारे ० ते ४.०९६ व्होल्ट पुढे ऑपअॅम्प (व्होल्टेज वाढवणारा आयसी) साधारण दुप्पट करतो, म्हणजे आठ सप्तकांना पुरेल इतकी कक्षा मिळते. एका वाहिनीवर सूर जातो. दुसरी वाहिनी नोटचा जोर, मॉड्युलेशन व्हील किंवा अन्य कंट्रोलरला देता येते.

सोल्डरिंगबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही: सुटे भाग मोठे आहेत, छापील खुणा स्पष्ट आहेत, एक संध्याकाळ पुरते. तक्रार आहे ती मिडी आत येते त्या ठिकाणी. तिथे ६एन१३८ हा ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पोहोचवून दोन यंत्रे विजेने वेगळी ठेवणारा भाग) दिला आहे, पण त्याच्या सातव्या पिनपासून ग्राउंडपर्यंतचा रेझिस्टर मांडणीत धरलेलाच नाही. तो नसेल तर आतला ट्रान्झिस्टर बंद व्हायला उशीर लावतो आणि ३२ मायक्रोसेकंदांच्या बिटाच्या कडा पसरतात. हाताने वाजवताना मला काहीच जाणवले नाही, पण सिक्वेन्सरमधून वेगवान ओळ सोडली की मधूनच एखादी नोट गायब व्हायची किंवा अडकून राहायची. बोर्डाच्या मागच्या बाजूने दहा किलोओहमचा रेझिस्टर लावल्यावर हा प्रकार थांबला. पाच पिनांच्या सॉकेटमधली दुसरी पिन मात्र निर्मात्याने ग्राउंडला जोडलेली नाही, आणि तेच बरोबर आहे. मिडी इनवर ती मोकळीच ठेवायची असते, नाहीतर ऑप्टोकपलरने तोडलेला ग्राउंड लूप मागच्या दाराने परत येतो आणि गुणगुण सुरू होते.

आता मांडणीकडे, म्हणजे कॉन्फिगरेशनकडे. फर्मवेअर, म्हणजे नियंत्रकातला प्रोग्राम, चढवताना माझीच फजिती झाली. मिडीचा येणारा सिग्नल आणि यूएसबीचा सिग्नल हे दोन्ही नियंत्रकाच्या एकाच पिनवर येतात, म्हणून बोर्डावर एक छोटा सरकता स्विच आहे. फर्मवेअर चढवताना तो मिडी तोडण्याच्या बाजूला हवा. मी तो पाहिलाच नाही. संगणक दहा वेळा जुळणी होत नसल्याचे सांगत राहिला, मी केबल बदलल्या, बूटलोडरवर शंका घेतली, एक आयसी उपटूनही पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता बोर्ड हातात फिरवताना स्विचशेजारचे बारीक अक्षर दिसले. पुस्तिकेत ही सूचना आहे, पण सातव्या पानावर; आणि फर्मवेअर चढवायला सांगितले आहे चौथ्या पानावर.

चॅनेल शिकवण्याची पद्धत मला आवडली. बटण दाबून धरायचे, दिवा लुकलुकू लागला की कीबोर्डवर हवी ती कळ दाबायची. परिवर्तक त्या नोटचे चॅनेल तर लक्षात ठेवतोच, शिवाय तीच नोट शून्य व्होल्ट मानतो. मी ३६ क्रमांकाची नोट दिली, म्हणजे मधल्या सी पासून दोन सप्तके खाली. ६० क्रमांकाचा मधला सी मग दोन व्होल्टवर येतो. बटण सोडल्यावरच सगळे ईईपीरॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) एकदा लिहिले जाते, दर बदलाला नाही, ही छोटी शिस्तही नोंदवण्यासारखी आहे. नोट ऑनचा जोर शून्य असेल तर ती नोट ऑफ समजायची, हा मिडीचा जुना नियम फर्मवेअर पाळते, आणि पुन्हा पुन्हा तोच स्टेटस बाइट (संदेश कोणत्या प्रकारचा हे सांगणारा आकडा) न पाठवणारे कीबोर्डही त्याला चालतात. घरगुती परिवर्तकांची बहुतेक अडकलेली नोट याच दोन ठिकाणी सापडते, म्हणून मी हे मुद्दाम तपासून पाहिले.

दोन कळा एकदम दाबल्या तर कोणती वाजवायची, याचे तीन पर्याय आहेत: शेवटची, सर्वांत खालची, सर्वांत वरची. मिनीमूगच्या कीबोर्डवर खालच्या नोटला मान होता, त्यामुळे त्या धाटणीचे वाजवायचे असेल तर तो पर्याय ठेवावा. माझी बोटे आजच्या कीबोर्डवर वळलेली असल्याने मी शेवटची नोट निवडली. पिच बेंडच्या बाबतीत मात्र फर्मवेअरने हात आखडता घेतला आहे. मिडीतून चौदा बिट येतात, त्यांतले वरचे सातच वापरले आहेत. दोन अर्धस्वरांच्या कक्षेत एक पायरी सुमारे तीन सेंटची पडते (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), आणि डॅकची स्वतःची पायरीही अडीच सेंटच्या आसपास असल्यामुळे तिथे फारसे बिघडत नाही. कक्षा बारा अर्धस्वरांची केली की पायरी जवळजवळ १९ सेंटची होते आणि मींड घेतली तर जिना चढल्यासारखा आवाज येतो.

ज्यासाठी हे सगळे लिहायला बसलो ती बाब म्हणजे सूर लावणे. एका सप्तकाला एक व्होल्ट या प्रमाणात अर्धस्वर ८३.३३ मिलिव्होल्टचा पडतो आणि एक सेंट म्हणजे मिलिव्होल्टपेक्षाही कमी. फर्मवेअरचा कोड वाचताना दिसले की प्रत्येक अर्धस्वराला डॅकच्या ४२ पायऱ्या दिल्या आहेत, तर हिशेबाने ४१.६७ हव्यात. मला आधी ही आळशी गोळाबेरीज वाटली. कागदावर मांडून पाहिल्यावर मत बदलले. ४१.६७ घेतले असते तर दर नोटला जवळच्या पूर्ण अंकाकडे सरकावे लागले असते आणि काही अर्धस्वर किंचित लहान, काही किंचित मोठे झाले असते. ४२ घेतल्याने सगळे अर्धस्वर सारखे राहतात. सप्तकाच्या ५०४ पायऱ्या होतात आणि ऑपअॅम्पची वाढ दुपटीहून जराशी कमी केली की त्या ५०४ पायऱ्यांचा बरोबर एक व्होल्ट होतो. ही वाढ लावण्यासाठी पंचवीस फेऱ्यांचा ट्रिमर (स्क्रूने फिरवायचा छोटा बदलता रेझिस्टर) दिलेला आहे. ज्याने हा हिशेब केला त्याला सुराची आणि अंकांची दोन्हींची जाण आहे.

पण त्याच माणसाने पुस्तिकेत कॅलिब्रेशनची कृती लिहिली असेल असे वाटत नाही. पुस्तिका सांगते की सिंथ जोडू नका, मल्टिमीटर लावा आणि चार सप्तके वरची नोट दाबून ट्रिमर ४.००० व्होल्टवर आणा. मी तसे केले, मग सिंथ जोडला आणि वरची सप्तके कणसूर लागू लागली. पहिल्या सप्तकात १२ सेंट खाली, दुसऱ्यात २४, तिसऱ्यात ३६. चूक इतकी सरळ रेषेत वाढत असेल तर ती प्रमाणाची चूक, हे उघड होते. ऑपअॅम्पच्या पुढे, फीडबॅकच्या (आउटपुट परत इनपुटकडे नेणाऱ्या वाटेच्या) बाहेर, संरक्षणासाठी एक किलोओहमचा रेझिस्टर आहे. मल्टिमीटरचा अंतर्गत रोध दहा मेगाओहमच्या घरातला, त्यामुळे त्याला या रेझिस्टरचा पत्ताही लागत नाही. पण ऑसिलेटरचे, म्हणजे सिंथमधल्या सूर काढणाऱ्या भागाचे, इनपुट साधारण १०० किलोओहमचे असते आणि तिथे जवळपास एक टक्का व्होल्टेज वाटेतच राहते. एक टक्का म्हणजे सप्तकामागे १२ सेंट. त्याच तारेवर दुसरा ऑसिलेटर लावला की भार ५० किलोओहमचा होतो आणि तूट दुप्पट होते. म्हणजे आज जुळवलेला सूर उद्या पॅचमध्ये एक तार वाढवल्याने उतरतो.

यावर दोन उपाय आहेत. सोपा उपाय हा की नेहमी जितके ऑसिलेटर जोडायचे तितके जोडूनच ट्रिमर फिरवायचा. पक्का उपाय हा की फीडबॅकची वाट त्या रेझिस्टरच्या पुढून, जॅकच्या बाजूने घ्यायची आणि ऑपअॅम्प डळमळू नये म्हणून त्याच्या आउटपुटपासून उलट्या इनपुटला काही पिकोफॅरडचा कपॅसिटर द्यायचा. मी बोर्डावरची एक रेघ कापून दुसरा उपाय केला. आता एक ऑसिलेटर असो की तीन, सूर हलत नाही. नवा बोर्ड छापताना निर्मात्याला हे फुकटात करता येईल.

मोजणीबद्दलही दोन शब्द. साध्या साडेतीन अंकी मल्टिमीटरची २० व्होल्टची पट्टी दहा मिलिव्होल्टच्या पायरीने वाचते, म्हणजे १२ सेंटच्या खालचे तिला दिसतच नाही. साडेचार अंकी मीटर नसेल तर ट्यूनर वापरावा, पण ऑसिलेटरचे स्वतःचे सप्तक बरोबर लावलेले आहे याची आधी खात्री करावी. नाहीतर परिवर्तकाची चूक ऑसिलेटरवर आणि ऑसिलेटरची परिवर्तकावर ढकलत रात्र जाते. दोन्ही यंत्रे अर्धा तास तापू द्यावीत आणि मगच ट्रिमरला हात लावावा.

गेट पाच व्होल्टचे आहे. युरोरॅक या आजच्या मॉड्युलर पद्धतीतल्या मॉड्यूलना ते चालते. जुन्या मूग सिंथमध्ये किंवा कॉर्गच्या एमएस-२० मध्ये ट्रिगर व्होल्टेजने नव्हे, तर ग्राउंडला जोडून मिळतो. त्यासाठी बोर्डावर ट्रान्झिस्टर आणि जम्पर दिला आहे आणि तो बिनतक्रार चालतो. एमएस-२० साठी असलेली हर्ट्झला व्होल्ट ही पद्धत मात्र केवळ यादी वाढवण्यापुरती आहे. त्या पद्धतीत दर सप्तकाला व्होल्टेज दुप्पट होते, म्हणजे खाली येताना निम्मे निम्मे होत जाते, आणि पाव व्होल्टच्या आसपास डॅकची एक पायरी १३-१४ सेंटची पडते. खर्जातल्या नोटा मग जवळच्या पायरीवर बसतात, सुरावर नाही. एमएस-२० साठीच संच घेणार असाल तर सोळा बिटांचा डॅक असलेला शोधावा; एका सप्तकाला एक व्होल्टवर चालणारा सिंथ असेल तर हा घ्यावा आणि फीडबॅकची रेघ सोल्डरिंगच्या दिवशीच कापून टाकावी. माझ्या ट्रिमरच्या डोक्यावर आता नेलपॉलिशचा थेंब आहे आणि परवा पुन्हा तपासले तेव्हा चौथ्या सप्तकात फरक दोन सेंटचा होता.